अर्काने बीटा पेशींतून इन्सुलिन बाहेर आलं. पण पेशींनी ते सोडलं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूरकडचे, बेळगावात पीएच.डी. करताय. गुडमार या मधुमेहावर वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या (आपल्याकडे कन्नडमध्ये मधुनाशिनी म्हणतात) पानांचा अर्क तुम्ही रिन-५एफ पेशींवर टाकलात, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या रॅटच्या बीटा पेशींवर (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी). एमटीटी या रंगाच्या चाचणीत पेशी वाढल्यासारख्या दिसल्या, एलायझा या इन्सुलिन मोजणाऱ्या चाचणीत मीडियममधलं (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातलं) इन्सुलिन जवळपास दुप्पट आलं. गाईड म्हणतात, पेपर लिहायला घ्या. पण बैठकीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "या पेशी ग्लुकोजला प्रतिसाद देतात हे कुठे दाखवलंय?" आता तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: दुसरी सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यान् पिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी) आणायची, रॅटच्या स्वादुपिंडातून आयलेट्स (बीटा पेशी असलेले छोटे गोळे) काढायला शिकायचं, किंवा आहे त्यात भागवायचं.

कुठली सेल लाइन, हा माझ्या मते दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की तुम्हाला दावा काय करायचाय. "अर्कामुळे मीडियममध्ये इन्सुलिन वाढलं" एवढंच म्हणायचं असेल तर ते तुम्ही दाखवलंत. "अर्कामुळे बीटा पेशी जास्त इन्सुलिन स्रवतात" असं म्हणायचं असेल तर तुमच्या हातात अजून काही नाही. नळ सोडून आलेल्या पाण्यानेही बादली भरते आणि पाइप फुटून आलेल्या पाण्यानेही भरते. एलायझा फक्त बादली मोजतो. गुडमारच्या बाबतीत ही शंका नुसती पुस्तकी नाही. १९९९ साली लंडनच्या एका गटाने गुडमारचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क माउस, हॅमस्टर आणि रॅटच्या बीटा सेल लाइन्सवर आणि रॅटच्या आयलेट्सवरही तपासला. इन्सुलिन बाहेर आलं. पण ज्या मात्रेला ते येत होतं, त्याच मात्रेला पेशी ट्रायपॅन ब्लू हा शाबूत पेशीत न शिरणारा रंग आत घेत होत्या, म्हणजे पडद्याला भोकं पडली होती. कॅल्शियम चॅनल बंद केले तरी फरक पडला नाही, तापमान बदललं तरी पडला नाही. जिवंत पेशी स्राव करते तेव्हा असं होत नाही.

कारणही सरळ आहे. गुडमारमधली जिम्नेमिक आम्लं ही सॅपोनिन्स आहेत, म्हणजे साबणासारखी फेस करणारी द्रव्यं. तुमचा अर्क थोड्या पाण्यात घालून टेस्ट ट्यूब जोरात हलवा आणि ठेवून द्या. दहा-पंधरा मिनिटांनीही बोटभर फेस तसाच राहिला तर त्यात भरपूर सॅपोनिन आहे असं धरून चाला. सॅपोनिन पडद्यातल्या कोलेस्टेरॉलशी जुळतं आणि पडदा सैल करतं. याचा अर्थ गुडमार निरुपयोगी असा मात्र नाही. त्याच गटाने पुढे गुडमारच्याच वेगळ्या पद्धतीने काढलेल्या अर्कावर काम केलं आणि पेशींना इजा न होता स्राव वाढतो हेही दाखवलं. म्हणजे सगळं अर्क कसा काढला आणि मात्रा किती यावर ठरतं, आणि तुमच्या अर्काचं काय ते तुमच्याच प्लेटवर कळणार.

आता ग्लुकोजकडे वळू. बीटा पेशीत ग्लुकोज ग्लूट-२ या वाहकातून शिरतं (माणसात मुख्यतः ग्लूट-१ मधून), ग्लुकोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं, मायटोकॉन्ड्रियात एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तयार होतं, एटीपी वाढलं की पोटॅशियमचे के-एटीपी चॅनल बंद होतात, पडद्याचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पुड्या पडद्याला चिकटून बाहेर उघडतात. या साखळीत ग्लुकोकायनेज खरा पहारेकरी. ग्लुकोजशी त्याची ओढ मुद्दाम कमी ठेवलेली असते, म्हणून रक्तातली साखर ९० वरून १८० वर गेली की त्याचा वेग बदलतो आणि पेशीला बातमी कळते.

रिन-५एफ इथेच कमी पडते. रिन-एम ही मूळ लाइन रॅटच्या इन्सुलिनोमापासून (बीटा पेशींच्या गाठीपासून) १९८० च्या सुमारास तयार झाली, रिन-५एफ तिचाच एक क्लोन. या कुळात ग्लूट-२ आणि ग्लुकोकायनेज फारच तोकडं. त्याची जागा साध्या हेक्झोकायनेजने घेतलेली असते, आणि ते अगदी थोड्या ग्लुकोजवरच भरून जातं. म्हणून कमी ग्लुकोज द्या की जास्त, इन्सुलिन साधारण तेवढंच. म्हणजे त्या तज्ज्ञांनी अडवण्यासाठी विचारलं नव्हतं; रिन पेशींवर काम केलेला कोणीही पहिल्यांदा तेच विचारेल.

मग रिन-५एफ आपल्याकडे एवढी का वापरतात? मिळायला सोपी, परवडणारी, तगडी. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या संग्रहातून अनेक महाविद्यालयं ती मागवतात. तिचे स्वतःचे उपयोगही आहेत: ऑक्सिडेटिव्ह ताण, सायटोकाइनमुळे होणारी हानी, पेशी मरण्याचे मार्ग. तिथे ती चालते. फक्त स्ट्रेप्टोझोटोसिन हे बीटा पेशी मारणारं रसायन देऊन "मधुमेहाचं मॉडेल" केलंत तर सांभाळा. स्ट्रेप्टोझोटोसिन पेशीत ग्लूट-२ मधूनच शिरतं, म्हणून रिन पेशींना ते लागण्यासाठी भलतीच मोठी मात्रा द्यावी लागते. त्या मात्रेला जे मरतं ते बीटा पेशी म्हणून मरतं असं सांगता येत नाही. शिवाय ते थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला विरघळवून लगेच वापरायचं असतं. तासभर बाकावर राहिलेलं द्रावण टाकून द्यावं.

दुसरी लाइन आणायची तर कुठली, हे तुमच्या लॅबच्या परिस्थितीवर आहे. आयएनएस-१ ही १९९२ ची, रॅटचीच. तिच्या आयएनएस-१ई आणि ८३२/१३ या शाखा ग्लुकोजला चांगला प्रतिसाद देतात. मिन-६ ही जपानमधली, १९९० ची, माउसची. माणसाच्या पेशींची एंडोसी-बीटाएच-१ ही २०११ ची लाइन दर्जेदार आहे, पण परवाने, खर्च आणि तिची संथ वाढ बघता पहिल्या पीएच.डी.ला मी ती सुचवणार नाही. तुमच्या जागी मी असते तर ८३२/१३ किंवा आयएनएस-१ई मागितली असती, तीही शक्यतो ज्यांच्याकडे ती आज चालू आहे आणि प्रतिसाद देते अशा लॅबकडून, पॅसेज नंबर (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) विचारून. या पेशी जसजशा जुन्या होतात तसतसा ग्लुकोजचा प्रतिसाद मावळत जातो. मिन-६ मध्ये तर फारच. आल्या आल्या भरपूर व्हायल्स गोठवून ठेवा, ठरावीक पॅसेजच्या पुढे वापरू नका, आणि ती मर्यादा कुठल्या पेपरमधून न घेता तुमच्याच प्लेट बघून ठरवा.

आयएनएस कुळाला मीडियममध्ये ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉल लागतं. त्याचा वास इतका उग्र की कॉरिडॉरमधून लोक विचारायला येतात. म्हणून कोणी ते "थोडं कमी" घालतं, आणि मग पेशी सुटून तरंगायला लागल्या की सीरमला दोष देतं. ते हुडमध्येच उघडा, मीडियममध्ये ताजं घाला, आणि ते घातलेलं मीडियम महिनोन् महिने फ्रिजमध्ये ठेवू नका.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरच्या पावसात इन्क्युबेटरमध्ये बुरशी हमखास येते, विशेषतः पाण्याच्या ट्रेमध्ये. ट्रे दर आठवड्याला बदला, भिजलेली छत्री आणि चपला कल्चर रूमच्या बाहेरच ठेवायला लावा, आणि नवीन लाइन शक्यतो दिवाळीनंतर मागवा. दुसरं, मायकोप्लाझ्मा, म्हणजे कल्चरमध्ये शिरणारा अतिसूक्ष्म जिवाणू. तो डोळ्यांना दिसत नाही, मीडियम गढूळ होत नाही, पण एमटीटीपासून स्रावापर्यंत सगळं बिघडवतो. पेशी आल्या त्या दिवशी आणि नंतर अधूनमधून पीसीआरने तपासणी करा. द्रवरूप नायट्रोजनची अडचण असेल तर पशुसंवर्धन खात्याकडे चौकशी करा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो ग्रामीण भागातही नियमित लागतो, आणि त्या माणसांना कॅन कसा हाताळायचा हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता मुख्य प्रयोग, ग्लुकोजला इन्सुलिनचा प्रतिसाद. चोवीस खणांच्या प्लेटमध्ये पेशी लावा, थर जवळपास भरू द्या. नेहमीच्या आरपीएमआय मीडियममध्ये ग्लुकोज ११ मिलिमोलर असतं, डॉक्टरी हिशोबात २००. म्हणजे पेशी रोज जेवून उठल्यासारख्या असतात. म्हणून आदल्या रात्री कमी ग्लुकोजच्या, साधारण ५ मिलिमोलरच्या मीडियममध्ये ठेवा. सकाळी क्रेब्स-रिंगर बफर बनवा, हेपीस आणि ०.१ टक्का बीएसए घालून, पीएच ७.४. तो ३७ अंशांना आणूनच वापरा. थंड बफर ओतलात की पेशी आकसतात, काही सुटतात, आणि सुटलेल्या पेशींतून गळणारं इन्सुलिन तुमचा "कमी ग्लुकोज"चा आकडा फुगवतं. बफर खणाच्या भिंतीवरून सोडा, पेशींच्या डोक्यावर नाही. दोनदा धुवा, तासभर कमी ग्लुकोजमध्ये ठेवा, तो बफर टाकून द्या. मग अर्ध्या खणांत २.८ आणि अर्ध्यांत १६.७ मिलिमोलर ग्लुकोज, म्हणजे साधारण ५० आणि ३०० ची साखर, आणखी एक तास. वरचा द्रव हळूच उचला, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचा भाग घेऊन गोठवा.

पुष्कळ जण इथेच थांबतात. थांबू नका. त्याच खणातल्या पेशींवर आम्लयुक्त इथेनॉल घालून रात्रभर ४ अंशांना ठेवा म्हणजे पेशीत उरलेलं सगळं इन्सुलिन बाहेर येतं. मग स्राव हा एकूण इन्सुलिनच्या टक्केवारीत मांडता येतो. याचे दोन फायदे. एका खणात पेशी जास्त, दुसऱ्यात कमी असा फरक निघून जातो. आणि अर्काने पेशीतला साठाच वाढवला की स्राव वाढवला, हे वेगळं दिसतं. या नमुन्याला एलायझासाठी शंभर ते हजारपट पातळ करावं लागतं, तेव्हा आधी एका नमुन्यावर पातळीकरणाची मालिका करून बघा, नाहीतर अख्खी प्लेट वक्राच्या बाहेर जाते. ८३२/१३ पेशींत माणसाचं प्रोइन्सुलिनचं जनुक घातलेलं आहे, त्या रॅटचं आणि माणसाचं दोन्ही इन्सुलिन सोडतात. किट मागवताना ते कोणतं इन्सुलिन ओळखतं हे विचारून घ्या.

फक्त या कोऱ्या प्लेटवर, अर्काशिवाय, १६.७ चा आकडा २.८ च्या दुपटीच्या खाली आला तर मी त्या पेशींवर अर्क टाकत नाही. पेशी बदलते, पॅसेज मागे जाते किंवा बफर पुन्हा बनवते. ही माझी लॅबमधली सवय आहे, जगाचा नियम नाही. पण ज्या पेशींना ग्लुकोज कळत नाही, त्यांना तुमचा अर्क काय सांगतोय ते तुम्हालाही कळणार नाही.

हे जमलं की अर्क. कमी ग्लुकोजमध्ये अर्क आणि जास्त ग्लुकोजमध्ये अर्क, दोन्ही हवेत. जो अर्क फक्त जास्त ग्लुकोजमध्ये स्राव वाढवतो तो औषध म्हणून जास्त रंजक, कारण उपाशीपोटी साखर पाडण्याचा धोका कमी. सोबत ग्लिबेनक्लामाइड ठेवा, ते के-एटीपी चॅनल थेट बंद करतं. ३० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड ठेवा, ते ग्लुकोजला वळसा घालून पडद्याचा भार बदलतं. हा बफर बनवताना तेवढंच सोडियम क्लोराइड कमी करा, नाहीतर खारटपणाचाच परिणाम मोजाल. डायाझोक्साइड चॅनल उघडं ठेवतं. त्याच्यासोबतही अर्काचा परिणाम टिकला तर अर्क चॅनलच्या पुढच्या टप्प्यावर काम करतोय, किंवा गळती आहे.

गळती वेगळी काढायची माझी आवडती चाचणी साधी आहे: तीच प्लेट ३७ अंशांना आणि तीच ४ अंशांना. थंडीत खरा स्राव जवळपास थांबतो. गळतीला थंडीची पर्वा नसते. सोबत ट्रायपॅन ब्लू. एलडीएचही (फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं एन्झाइम) मोजता येतं, पण काही वनस्पती अर्क त्या एन्झाइमलाच दाबतात, म्हणून फुटलेल्या पेशींच्या द्रवात अर्क मिसळून एलडीएचचा आकडा पडत नाही ना हे बघून घ्या. कॅल्शियम काढून केलेल्या चाचणीवर एकट्यावर मात्र विसंबू नका. १९९९ च्या त्या कामात कॅल्शियम बांधून टाकल्यावर गुडमारचा परिणाम कमी झालाच होता. भोकातून बाहेरचं कॅल्शियम आत आलं तरी पुड्या फुटतात, हे लक्षात घ्या. शेवटी अर्क धुऊन टाका आणि तासाभराने त्याच पेशींना पुन्हा १६.७ ग्लुकोज द्या. पेशी शाबूत असतील तर त्या पुन्हा प्रतिसाद देतील.

तुमच्या एमटीटीबद्दल. एमटीटी पेशी मोजत नाही, ती पिवळ्या रंगाचं जांभळ्यात होणारं रूपांतर मोजते. वनस्पतीतले पॉलिफिनॉल हे काम पेशींशिवायही करतात. शिवाय गुडमारचा अर्क हिरवट-तपकिरी, ५७० नॅनोमीटरला, जिथे एमटीटी मोजतात तिथेच, थोडाफार प्रकाश शोषतोच. "पेशी १३० टक्के झाल्या" असं ज्या मात्रेला दिसतंय, त्याच मात्रेचा अर्क आणि एमटीटी, पेशींशिवाय, एका खणात ठेवा. जांभळं झालं तर तो आलेख बाजूला काढा. प्रत्यक्ष पेशी मोजा किंवा डीएनए मोजा. आणि मुळात इन्सुलिनोमाच्या पेशी आणखी वाढल्या याचा आनंद कशासाठी, हेही कोणीतरी विचारेल.

मात्रेबाबत एक मत. प्रति मिलिलिटर ५०० मायक्रोग्रॅम कच्च्या अर्कावर जवळजवळ कशालाही काहीतरी होतं. मी १ पासून १०० पर्यंत चढती मालिका लावते, विद्रावक सगळीकडे सारखा (डीएमएसओ ०.१ टक्क्यावर जाऊ देत नाही), आणि पेशींना इजा सुरू होते त्या मात्रेच्या बरंच खाली काम करते. अर्क खडेबाजारातल्या चूर्णाचा असेल तर तो सोडाच. वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञाकडून ओळख पटवून, हर्बेरियमचा (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नमुना ठेवूनच पुढे जा. खानापूरच्या जंगलातून आणणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी; भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून पान तोडून आणलं आणि प्रबंधात ते ठिकाण लिहिलं, असं करू नका.

आतापर्यंतचं एका ओळीत: आधी ग्लुकोजला प्रतिसाद, मग अर्क, मग गळती नाही हे सिद्ध, आणि तेव्हाच यंत्रणेच्या गोष्टी.

राहिला आयलेट्सचा प्रश्न. मला हे काम मनापासून आवडतं, तरी तुम्हाला ते आत्ता नको म्हणेन. आयलेट म्हणजे हजार-दोन हजार पेशींचा गोळा. त्यात बीटासोबत अल्फा, डेल्टा पेशीही असतात, आणि त्या एकमेकींशी बोलतात. सेल लाइनमध्ये हे काहीच नसतं. म्हणून आयलेटवर टिकलेला निष्कर्ष वजनदार. पण त्यासाठी प्राण्यांची परवानगी, संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि शिकलेला हात लागतो. कोलॅजनेज पित्तनलिकेतून सोडायचं असतं. आतड्याकडचं तोंड चिमट्याने बंद करून बारीक सुईने नलिकेत शिरावं लागतं. नीट गेलं की स्वादुपिंड डोळ्यांदेखत फुगून पारदर्शक होतं. नाही गेलं तर एकच बाजू फुगते आणि त्या दिवसाचं पीक अर्ध्यावर येतं. मग ३७ अंशांना पचन. इथे मिनिटा-मिनिटाचा फरक पडतो: कमी झालं तर आयलेटभोवती एन्झाइम बनवणाऱ्या पेशी चिकटून राहतात, जास्त झालं तर आयलेटच विरघळतो. कोलॅजनेजचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो, म्हणून लॉट बदलला की वेळ पुन्हा ठरवावी लागते. घनतेच्या थरावर वेगळं करून शेवटी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पिपेटने एकेक आयलेट वेचायचा. काळ्या पार्श्वभूमीवर ते दुधट, गोल, घट्ट दिसतात, बाकीचा चुरा धुरकट. शंका आली तर काहींना डिथिझोन हा रंग लावा. इन्सुलिनसोबतच्या जस्तामुळे ते लाल होतात. रात्रभर विश्रांती दिल्याशिवाय प्रयोग नाही, आणि प्रत्येक नळीत सारख्या आकाराचे मोजके आयलेट्स.

हे सगळं तुमच्या प्रबंधातल्या शेवटच्या, एकाच प्रयोगासाठी ठेवा. सेल लाइनवर गळती नाही असं दिसलं, तर एकाच मात्रेचा अर्क घेऊन, आयलेट्स आधीपासून काढणाऱ्या लॅबकडे जा. बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक वैद्यक संस्था आहे, केएलईचं संशोधन केंद्र आहे. कोणाकडे कोणती सोय चालू आहे हे गाईडच्या पत्रासह विचारायला काहीच हरकत नाही. स्वतःची आयलेट यंत्रणा उभी करायला वर्ष सहज जातं, आणि तुमची फेलोशिप वाट बघत नाही.

रिन-५एफवरचा आधीचा डेटा फेकू नका. प्रबंधात तो "प्राथमिक चाळणी" म्हणून लिहा, या पेशी ग्लुकोजला नीट प्रतिसाद देत नाहीत हे स्वतःच नमूद करा, आणि स्रावाचा दावा नव्या पेशींवरच्या प्रयोगापुरता ठेवा. गाईडना पेपरची घाई असेल तर त्यांच्यापुढे पेशीविरहित एमटीटीची आणि ४ अंशांची प्लेट ठेवा. दोन्हींना नवीन सेल लाइन लागत नाही; पहिलीला पेशीच नकोत, दुसरी आहे त्या रिन-५एफवर होते, आणि दोन्ही याच आठवड्यात होतात. ४ अंशांनाही इन्सुलिन दुप्पटच आलं तर पेपरचा विषयच बदलेल, आणि ते आत्ता कळलेलं बरं. आकडे आले की इथेच टाका. खणांची मांडणी आणि अर्कासाठी कुठला विद्रावक वापरला तेही लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.